मौनात ठरलेलं लग्न

इंदूर, ४ ऑक्टोबर १९९२

ती. सौ. रमाआत्या,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेलानं फरक पडला का? पुढचं उभ्यानं वाचू नयेस, म्हणूनही विचारते आहे. आमच्या प्रकृती ठीक. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

मिल बंद झाल्यापासून दादा घुम्यासारखा बसतो, त्याला ध्यानाच्या शिबिराला ने आणि तूही बस, असं तूच नानांबद्दल लिहिलंस. नेलं. धर्मशाळेचा हॉल, दहा दिवस, सकाळी सहा ते सात, कडक मौन. समोर गुरुजी, त्यांच्यापुढे नाना धरून मिलच्या साळखात्यातले, म्हणजे माग चालवणारे, सोळा जण (सगळ्यांच्याच घरच्यांनी पाठवलेले), आणि कडेला मी. श्वासाकडे नुसतं बघा, मोजू नका, असं गुरुजी म्हणाले. मला मोजल्याशिवाय बघता येत नाही (पीथमपूरला मी प्रेशर गेज तपासते, तिथे नुसतं बघत बसले तर घरी पाठवतील). पहिल्या दिवशी मिनिटाला अठरा श्वास होते, सहाव्या दिवशी अकरा. एकदाही डोळे उघडले नाहीत. मला वाटत होतं, जमतंय.

सातव्या दिवशी पायाला गोळा आला आणि डोळे उघडले. गुरुजी मिटल्या डोळ्यांनी प्रसन्न बसलेले, आणि त्यांच्यासमोर सोळाही जण उघड्या डोळ्यांनी धडाधड बोलत होते. आवाज न करता. तुला माहीत आहे, मागांच्या गोंगाटात आयुष्य गेलेली ही माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. लहानपणी डबा घेऊन जायची, म्हणून मला ती भाषा वाचता येते. नानांनी हवेत हार घातला, मग दोन्ही हातांचा चष्मा करून माझ्याकडे बोट दाखवलं. पलीकडून दिनानाथकाकांनी (हल्ली सियागंजात हार्डवेअरच्या दुकानी बसतात) कानाला रिसीव्हर लावला. म्हणजे त्यांचा पुतण्या अनीश, एस.टी.डी. बूथवाला. मग नानांनी दहा बोटं आणि वर दोन दाखवली: डिसेंबर. मागून रामभाऊंनी जिभेवर मिरची ठेवल्यासारखं करून मुलगी तिखट असल्याची हरकत घेतली, ती बहुमतानं फेटाळली गेली.

मी ओरडले, "नाना!"

गुरुजींनी डोळे उघडले. म्हणाले, "बेटी, बस एक तुम हो जो मौन नहीं रख पाती. इन बुजुर्गों से सीखो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे सगळं कधीपासून चाललंय? "दुसऱ्या दिवसापासून," नाना म्हणाले. मला का विचारलं नाही? त्यावर दिनानाथकाका म्हणतात, "बेटा, तू ध्यानात होतीस ना जी, डिस्टर्ब कशाला करायचं?" आणि रामभाऊ: "भिया, मिठाई तो बनती है!"

आत्या, जानेवारीत कंपनी मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवते आहे. अख्ख्या प्लांटमधून दोघांची निवड झाली, त्यातली एक मी. डिसेंबरात लग्न म्हणजे ते गेलंच. हे मी नानांना जूनमध्ये सांगितलं होतं. तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. मिल बंद झाल्यापासून घरात ते दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलतात, तीही चहाबद्दल. त्या हॉलमध्ये मात्र तासभर हात थांबत नव्हते, चेहरा चालू शिफ्टमधल्यासारखा उजळलेला. माझ्याबद्दल एवढं बोलू शकतात आणि माझ्याशी नाही, याचा राग लग्नापेक्षा जास्त आहे. तेव्हा तू त्यांना ताबडतोब लिही की हे स्थळ बंद. तुझं ते ऐकतात.

तुझी,
ऋजुता

ता. क. पत्र पोस्टात टाकण्याआधी, आपला नकार आपणच द्यावा म्हणून बूथवर गेले होते. रांगेत उभी राहिले, नंबर आला, सांगितलं. अनीश म्हणाला, "मी तर मंगळवारीच मना केलं ना. काकांनी सांगितलं नाही?" आणि पुढच्या गिऱ्हाईकाला लाइन जोडून दिली. तेव्हा वरची विनंती रद्द. नानांना मी स्वतःच सांगेन, समोर बसून, तोंडानं.

ता. क. २. अनीशची आई तुझ्या देवासच्या भजनी मंडळात आहे ना? त्यानं का नाही म्हटलं, तेवढं काढून कळव. मला काही फरक पडत नाही. पण आमच्याकडे कारण लिहिल्याशिवाय माल रिजेक्ट करता येत नाही. कारण चष्मा असेल तर तसं स्पष्ट लिही. आणि पत्रच पाठव, फोन नको. आमच्या गल्लीचे फोन त्याच्याच बूथवर येतात.