गुणी बाळ

प्रिय भित्रीबाई,

काल तू डबा घेऊन जिने चढून आलीस आणि मी नर्सबाईंना दार लावून घ्यायला सांगितलं. काचेतून दिसलं, तुझ्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, म्हणजे चांगलीच चिडली होतीस. डबा मात्र ठेवून गेलीस. मी सगळा संपवला. भाजीत मीठ विसरलीस.

इथं एक खाट, एक खुर्ची आणि न उघडणारी खिडकी. मला बाहेर जायची बंदी, कुणाला आत यायची बंदी. भिंती अंगावर येतात गं. पिल्लू नळ्यांमध्ये पडलेलं असतं आणि मी मशीनकडे डोळे लावून बसते. प्राणवायूचा आकडा घसरला की नर्सबाईंना हाक मारते.

घरी सगळे तिला गुणी बाळ म्हणत होते ना? रडणं नाही, कुरकुर नाही. तूच म्हणालीस, ही काही तुझ्यावर गेली नाही. अगं, गुणी कसली, तिचा श्वास थांबत होता. डांग्या खोकला म्हटलं की आपण खोकल्याची वाट बघतो. एवढ्याशा जिवात कधीकधी खोकायचीही ताकद नसते, तो नुसता गप्प होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात. मी वेडी, खूश झाले. म्हटलं, लढतेय पोर. पण या जंतूच्या विषामुळे त्या पेशी रक्तातच अडकतात म्हणे, हव्या तिथे पोचत नाहीत, आणि त्यांच्याच गर्दीने फुफ्फुसांतल्या वाटा तुंबतात. मदतीला आलेलेच दारात कोंडले गेलेत. ते ऐकल्यापासून या खोलीत मला जास्तच गुदमरतं. आज पेशी थोड्या उतरल्यात. थोड्याच.

आता राग सोड. खोकला मलाही आहे, तोच. तिला माझाच लागला. आणि तुला सातवा महिना, म्हणून दार लावलं. स्वतःची लस मिळेपर्यंत बाळाकडे आईने नाळेतून दिलेलं तेवढंच बळ असतं, आणि ते पुरेसं मिळायला आईने पोटुशी असतानाच डांग्या खोकल्याची लस टोचून घ्यावी लागते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत लस द्यायला माणसं आली की तू बाकाखाली लपायचीस आणि मी तुला पाय धरून बाहेर ओढायची. या वेळी मी येऊ शकत नाही. आपली आपण बाहेर ये, उद्याच जाऊन दंड पुढे कर. आणि तुझं बाळ गुणी नको गं, चांगलं रडकं होऊ दे, सगळ्या घराची झोप उडवू दे.

तुझीच कोंडलेली,
ताई