राक्षसी ताऱ्याची बातमी

बंगळूर,
६ जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोहोचलं. श्रवणयंत्र पुन्हा खणात गेल्याचं वाचून राग आला आणि हसूही. फोनवर माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून महत्त्वाची बातमी कागदावरच कळवते.

अप्पा, मला एक ग्रह सापडला आहे. सापडला आहे असं वाटतं, असं लिहायला हवं. चारशे प्रकाशवर्षांवर म्हातारपणाकडे झुकलेला एक तारा आहे. अशांना उपराक्षसी तारा म्हणतात. गाभ्यातला हायड्रोजन संपला, आता गाभ्याभोवतीच्या थरातला जळतो आहे आणि तारा हळूहळू फुगू लागला आहे. अजून पुरता राक्षसी झालेला नाही. तुम्ही आठवीच्या वर्गात फळ्यावर ताऱ्यांची वयं काढायचात, तेव्हा तुम्हाला जास्त सांगत नाही. हा तारा दर एक्केचाळीस दिवसांत किंचित आपल्याकडे येतो आणि किंचित मागे सरतो. त्याला ओढणारं, गुरूएवढं काहीतरी त्याच्याभोवती फिरतं आहे. पाच वर्षं मी तेवढंच मोजते आहे.

भीती एकच. असे फुगते तारे स्वतःही थरथरतात. हा ग्रह आहे की ताऱ्याचीच थरथर, ते मार्चमध्ये ठरेल. १२ आणि १३ मार्चला मला डोंगरावरची मोठी दुर्बीण मिळाली आहे. ती संधी हुकली तर पुढची वर्षाने. तोवर कुणाला सांगू नका. शेजारच्या गोपाळकाकांना तर मुळीच नाही.

निंगव्वा आत्याच्या हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन कधी ठरलं? डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते लिहा. नुसतं ‘काळजी नको’ लिहू नका, त्याने मला जास्त काळजी वाटते.

आईला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
राजेश्वरी


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला पाच दिवस लागले, कारण गुन्हा माझा आहे. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गोपाळराव भेटले. त्यांनी तुझी चौकशी केली आणि माझ्या तोंडून ग्रह निसटला. बापाचं तोंड आहे, काय करू. मी सगळं नीट समजावून सांगितलं होतं, उपराक्षसी म्हणजे काय तेसुद्धा. त्यांचा पुतण्या अनीश मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्याने दुसऱ्या दिवशी टाकलं की राक्षस तारा ग्रह गिळणार, सोलापूरच्या कन्येचा इशारा. मागे आगीचे लोळ आणि पुढे तुझा कॉलेजातला फोटो. कुठला ग्रह, किती लांबचा, किती कोटी वर्षांनी, हे सगळं गळालं. तिसऱ्या दिवशी आणखी कुणीतरी त्यात एप्रिल महिना घातला. सोलापूरचा एप्रिल लोकांना ठाऊकच आहे, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही.

मी अनीशकडे गेलो. त्याने ते काढून टाकलं, पण तोवर ते अक्कलकोटापलीकडे पोहोचलं होतं. आपल्या गल्लीत दोन घरी दिवसासुद्धा खिडक्या बंद असतात. मैंदर्गीत तुझ्या आत्याच्या आळीतल्या बायकांनी पापड-कुरडयांचं सामान आणायचं थांबवलं आहे. उन्हाळा दिसणारच नसेल तर वाळवण कशाला, असं म्हणतात म्हणे.

आता खरी गोष्ट. निंगव्वाचं ऑपरेशन १२ फेब्रुवारीला ठरलं होतं. तिने फाइल परत पाठवली. जग एप्रिलात जळणार असेल तर त्याआधी छाती कशाला फाडून घेऊ, असं ती म्हणाली. मी मैंदर्गीला जाऊन आलो. तीन जिने चढल्यासारखी धापत होती, आणि बसली होती ओट्यावर. पाय सुजलेत. माझं एक ऐकलं नाही. डॉक्टरांना भेटलो. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: थांबू नका, कधीही काहीही होऊ शकतं. त्यांनी १२ मार्च दिला आहे, तो शेवटचा. तुझ्या दुर्बिणीचाच दिवस आला. तू येण्याचा विचार मनात आणू नकोस, पण तिला पत्र लिही. बातमी तुझ्या नावाने गेली आहे, तुझंच ऐकेल.

मुलांना मी जन्मभर शिकवलं की नीट माहिती असली की भीती जाते. आता माझ्याच हाताने हे झालं. झोप लागत नाही.

म्हाताऱ्यावर रागाव, पण लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
अप्पा


बंगळूर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. निंगव्वा आत्येस,
राजूचा साष्टांग नमस्कार.

आत्या, मोबाइलवर माझा फोटो दाखवून जे सांगितलं, ते मी सांगितलेलं नाही. खरं काय ते लिहिते.

मी पाहते तो तारा आपला सूर्य नाही. तो इतका लांब आहे की आज माझ्या दुर्बिणीत येणारा त्याचा उजेड चारशे वर्षांपूर्वी निघालेला आहे. त्या ताऱ्याच्या पोटातलं जळण संपलं, आता भोवतीचं जळतंय, म्हणून तो फुगतोय. त्याच्याजवळून एक ग्रह फिरत असावा. तारा आणखी फुगला की एक दिवस त्या ग्रहाला गिळेल. त्यालाही कोट्यवधी वर्षं आहेत. आपला सूर्यही कधीतरी असाच फुगेल. ते कधीच होणार नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण ते पाचशे कोटी वर्षांनी. येत्या एप्रिलात सोलापुरात नेहमीसारखं ऊन पडेल, त्याहून जास्त काही नाही.

हे तुला समजेल याची मला खात्री आहे. मला भीती वेगळीच वाटते. मी ग्रह शोधला नसता तर तुझं ऑपरेशन चार दिवसांनी झालं असतं. आता रोज फोन वाजला की उचलायच्या आधी मी नाव बघत उभी राहते. तुला काही झालं तर या शोधाचं मी काय करू?

आत्या, १२ मार्चला जा. माझ्यासाठी जा. उत्तर कुणाकडून तरी लिहवून घे. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
राजू


मैंदर्गी,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. राजूस,
निंगव्वा आत्याचा लई लई आशीर्वाद.

हे पत्र शेजारची महेश्वरी लिवतीय. ती पंचायतीत कंप्युटरवर बसती. मला कन्नड अक्षरं येतात, मराठी बोलाय येतं पन लिवाय येत न्हाय. मी बोलीन तसंच लिव, सुदारू नको, असं तिला बजावलंय.

तुझं पत्र तिनं दोनदा वाचून दाखवलं. समजलं की. चुलीतलं लाकूड सरलं तरी भवतीचा गोवऱ्यांचा जाळ फुलतोय, तसंच की न्हाय? तारा लांब हाय, सूर्याला काय होत न्हाय, हे मला आदीबी म्हाईत हुतं. राजू, तुझी आत्या अडाणी हाय, येडी न्हाय. एप्रिलात जग जळनार ह्यावर माझा एक दिवसबी इस्वास बसला न्हाय.

मग फाइल का पाटवली? तुला सांगते. तुझ्या अप्पाला सांगू नको म्हननार हुते, पन आता सांगितलंस तरी चालंल.

बारा वर्सं झाली. आमचे मालक शिवपुत्र, तुझे आतोबा, हर्नियाच्या आप्रेशनला सोलापुरात गेले. अर्द्या तासाचं काम हाय म्हनाले. कागदावर सही मी केली. सकाळी नेलं. मी भाएर बाकावर. तुझा अप्पा सारका आत-भाएर करत हुता. दर टायमाला म्हनायचा, अक्का, टाकं घालायचं चाललंय. मला चहा पाजला. बिस्कीट खा म्हनला, म्या खाल्लं. चार वाजता माझा पोरगा महेश्वर पुन्यास्नं आला, तवा सांगितलं की ते गेले. कवाच गेले हुते. नर्सला म्हाईत, वॉचमनला म्हाईत, तुझ्या अप्पाला म्हाईत. मी एकटी टाक्यांची वाट बगत बसले हुते. मी अप्पाला कवा इचारलं न्हाय, त्यानं कवा सांगितलं न्हाय.

तवापासनं मला आप्रेशनचा वास जरी आला तरी अंग गार पडतंय. मरनाचं न्हाय गं मगळे, लेकी. मी आत, आनि भाएर माझ्याबद्दल सगळ्यांला म्हाईत, मलाच न्हाय. ह्याचं भ्या. हे कुनाला सांगू? पासष्ट वर्साची बाई भितीय म्हनून लोक हसतील. मग हे राक्षसाचं निगालं. आळीतली सगळी भ्याली, तवा मलाबी उगड्यावर भ्यायला मिळालं. कुनी हसलं न्हाय.

तू लिवलंस की सूर्य कवातरी फुगंल, ते लपवलं न्हाईस. तितं मला वाटलं, ही पोरगी सांगंल. तवा माझी एकच अट. तू भाएर बसायचं. जे हुईल ते त्याच घडीला सांगायचं, चांगलं असू दे न्हायतर वाइट. मी गेले तर महेश्वरला लगेच सांग, त्याला चहा पाजत बसू नको. तू येनार असशील तर मी येते.

तुझा ग्रह त्या दिवशी बगायचा हाय म्हनं. तुझं तू ठरव, मी रागावनार न्हाय.

आटवन काढत जा, आमी काढतोच.

तुझी आत्या,
निंगव्वा


सोलापूर,
१ मार्च २०२५

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आत्याचं पत्र सोबत जोडून खाली एकच ओळ लिहिलीस, हे खरं आहे का म्हणून.

खरं आहे. महेश्वर येईपर्यंत तिला सांभाळणारं कुणी नव्हतं, ती कोसळेल असं मला वाटलं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. आत्याचं पत्र वाचल्यावर कळलं की कोसळेल ती, या भीतीपेक्षा तिच्या तोंडाकडे बघून ते शब्द उच्चारायची भीती मोठी होती. दर वेळी आतून बाहेर येताना ठरवायचो की आता सांगतो, आणि टाक्यांचं सांगून परत आत जायचो. आत तरी काय होतं, पांढरी चादर होती.

तुला मी कधीच सांगितलं नाही, कारण तू मला विज्ञानाचा मास्तर समजतेस.

तू दुर्बिणीच्या तुझ्या दोन्ही रात्री सोबत काम करणाऱ्या देवयानीच्या हवाली करून येतेस. तिने एखादं मोजमाप चुकवलं तर वर्ष जाईल, हे मला कळतं. येऊ नको असं लिहिण्याचा अधिकार मला राहिलेला नाही. ये. मी तिथे असेन, पण बाहेर येऊन बोलणार तू. मला ऐकूही येत नाही, आणि मला धीरही नाही.

११ तारखेला सकाळच्या गाडीवर स्टेशनात उभा राहीन. अप्पा म्हणून जेवढं उरलं आहे तेवढं जपून ठेव.

अप्पा


मैंदर्गी,
२० एप्रिल २०२५

चि. राजूस,
निंगव्वा आत्याचा आशीर्वाद, पोटभर.

घरी येऊन तीन आटवडे झाले. महेश्वरीच लिवतीय. आता ओट्यावरनं नळापतूर न थांबता जाते. एप्रिल आला, ऊन लई हाय, कुनी जळालं न्हाय. आळीतल्या बायका माझ्याकडं बगून कुरडया घालाय लागल्या.

तुझं पत्र आलं. देवयानीनं मोजलं ते बरूबर जुळलं, ग्रह हाय. लई ग्वाड वाटलं. न्हाय म्हनून आलं असतं तरी तू लिवलंच असतंस, म्हनून जादा.

दवाखान्यातलं तुला म्हाईत हाय, पन माझ्या बाजूनं सांगते. डोळे उगडले तवा तू हुतीस. छाती दोनदा उगडावी लागली, रगत थांबत न्हवतं, आता थांबलंय, पन दोन दिवस धोका हाय, असं तू सांगितलंस. नर्स तुज्यावर वरडली, पेशंटला असलं सांगतात का म्हनून. मी इतकी भ्याले की हाताची बोटं वाकंनात. ते दोन दिवस तसंच भ्याले. आताबी रात्री कूस बदलताना भ्या वाटतंय, ते गेलं असं लिवू नको म्हनलं महेश्वरीला. पन राजू, भ्यालेली हुते तरी जेवले, आनि झोपलेबी.

आता तुला म्हाईत न्हाय ते. तू बंगळूरला गेल्यावर चौत्या दिवशी तुझा अप्पा आला. कानाचं यंत्र लावून आला हुता. खाली बसला. मी इचारलं, मालक नेमके कवा गेले. बारा वर्सांत पैल्यांदा इचारलं. त्यानं मान वर केली न्हाय, पन सांगितलं. पावनेअकरा. मग रडला, ल्हान पोरावानी. मी त्याला रडू दिलं.

तो गेल्यावर मी हिशोब लावत बसले, पावनेअकराला मी काय करत हुते. आटवलं. बाकावर एक अनोळखी बाई हुती, पंढरपूरकडली. तिला मी शेंगाचटनी कशी कुटायची ते सांगत हुते. तिनं इचारलं, मिरच्या एवड्या घालता? तवा मी हसून म्हनले, आमच्या मालकाला तिकाट लागतंय, त्यांच्या पानात दोन चमचे जास्तीची वाढते.

त्याच टायमाला ते गेले. मी त्यांचंच बोलत हुते.

सुट्टीला ये. न्हाई आलीस तरी माया कमी हुयाची न्हाय.

तुझी आत्या,
निंगव्वा