मापाची वही

तीर्थरूप बाबांना नमस्कार, आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्याला वेगळा.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही लागते. बरं, जरा कमी लागते.

बायकांच्या खोलीत कपडे बदलते म्हणून कारखान्याने मला कामावरून काढलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याविरुद्ध मी केलेल्या दाव्यात आता त्यांच्या वकिलाने साक्षीला तुम्हालाच बोलावलंय. 'हा माझा मुलगा' एवढंच त्याला तुमच्या तोंडून वदवून घ्यायचंय. मला तो 'तुम्ही जे कोणी असाल ते' म्हणतो.

आईला हे सांगू नका, जिवाला घोर लावून घेईल. गोळ्या घेते ना ती?

बाबा, खोटं बोलू नका. मुलगा म्हणून जन्मले, हे खुशाल सांगा. पण मागच्या खेपेला आपल्या शिंप्याच्या दुकानात तुम्ही ब्लाउजसाठी माझं माप घेतलंत, पुरुषांच्या मापांची वही मिटलीत आणि बायकांच्या वहीत लिहिलंत. मी पाहिलं होतं.

सोमवारी साक्षीला येताना ती वही घेऊन याल? चाळीस वर्षांत आपलं माप चुकलं नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता.

तुमची थोरली