१९४३चा सीझन, माझ्या देखरेखीखाली

९ सप्टेंबर २०१८, सस्काटून
१९४३ साली, ऐन युद्धात, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची फुटबॉल टीम (कॅनडातला फुटबॉल, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा) चार मॅचेस खेळली आणि चारही हरली. खेळाडू एकेक करून सैन्यात जात होते. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून तोच सीझन आम्ही पुन्हा खेळणार. समोर शेतकी कॉलेज. आमचे एकोणीस खेळाडू, मी कोच. स्वतः कधी खेळले नाही, पण स्प्रेडशीट माझी आहे. एक तरी मॅच जिंकली तर पुढच्या वर्षीही कोच मीच, नाहीतर केनेथ. तो मूळचा वसईचा, वाढला टोरांटोत, शाळेपासून खेळतो. मला काळजी नाही.

१२ सप्टेंबर
लायब्ररीत तेव्हाचं रजिस्टर मिळालं. कोण कधी सैन्यात गेला, तारखेनिशी. नियम केला: तो ज्या दिवशी गेला, त्या दिवशी त्याच्या जागचा आपला खेळाडूही टीम सोडणार. करायचं तर नीट. भरतीचा फॉर्म बनवला, सात रकाने. सर्वांत आधी क्वार्टरबॅक, म्हणजे सगळे डाव चालवणारा, गेला होता, १६ सप्टेंबरला. ती जागा केनेथला दिली. वैयक्तिक काही नाही.

१६ सप्टेंबर
केनेथ सकाळीच भरती झाला. सही करताना म्हणाला, अगं गौरांगी, जर्मनांना तुझा काही निरोप? फॉर्म फाइलला लावला.
पहिली मॅच ०–३१. कारण: वारा.

२४ सप्टेंबर
शौनकने आपणहून फॉर्म भरला. रजिस्टरात त्याच्या जागचा माणूस कुठेही गेलेला नाही, हे दाखवलं. तर म्हणे, ताई, देशप्रेमाला तारीख लागते का? उद्या त्याची थर्मोडायनॅमिक्सची मिडटर्म आहे. पण तेव्हाही लोक स्वेच्छेने जातच. हरकत घेता आली नाही.

३० सप्टेंबर
०–४४. ऊन डोळ्यांवर.

२ ऑक्टोबर, सकाळी ६.४०
बर्फ. उणे चार. प्रॅक्टिसच्या वेळी आणखी तिघांनी देश वाचवायचं ठरवलं.

७ ऑक्टोबर
थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीसाठी दोघे घरी, म्हणजे रिजायनाच्या आघाडीवर. उरले बारा. इथल्या फुटबॉलला मैदानात बाराच लागतात, म्हणजे टीममध्ये आता फालतू कोणी नाही.
०–२७. मागच्यापेक्षा सतरा गुणांनी सुधारणा. ग्राफ काढला. उत्तम दिसतो.

१३ ऑक्टोबर
उरलेल्या बाराजणांनी मलाच भरतीचा फॉर्म दिला. हवाई दल, नेव्हिगेटर. 'सक्तीची' या चौकोनात टिक. तो चौकोन मीच ठेवला होता. चूक सापडावी म्हणून चार वेळा वाचला. सातही रकाने बरोबर.
मुलांना फॉर्म भरायला मीच शिकवलं, हे विसरून चालणार नाही.

१४ ऑक्टोबर
शेवटची मॅच दोराबाहेरून पाहिली. भरती झालेल्यांना मैदानात प्रवेश नाही. केनेथ, शौनक वगैरे सातहीजण मात्र आत. जाब विचारला. केनेथ म्हणाला, आम्ही सुट्टीवर आलोय बाई, सैन्यातसुद्धा सुट्टी मिळते. रजिस्टर तपासलं. सुट्टीवरचे खेळत, अशी नोंद आहे.
१३–१२. जिंकलो. निकालपत्रात कोच म्हणून केनेथचं नाव लिहिलं. मी त्या वेळी सैन्यात होते. अर्थात पाया माझाच.
फोटोसाठी सगळे गोळा झाले तेव्हा केनेथ ओरडला, ये गं, तुझीपण सुट्टी मंजूर! मी सांगितलं की सुट्टीचा फॉर्म अजून तयार नाही.
फोटो मीच काढला. एकोणीसच्या एकोणीस जण आलेत. फोकस अचूक आहे.