दोघांची केबिन

प्रिय विल्मार,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा हिंडते-फिरते आहेत. फोनवर तू हसून विषय बदलतोस आणि मीही बदलू देते, म्हणून लिहायला बसले. इकडे पायसान्दूत संत्री फुलली आहेत, नदी काठोकाठ आहे, आणि शेजारच्या ओफेलियाच्या कुत्र्याने आपली आणखी एक कोंबडी पळवली.

समुद्रापार मालागाला गेल्यावर तू बाबांना तो संगणकावरचा अंतराळाचा खेळ शिकवलास, ते फार बरं केलंस. जन्मभर नदीत लाँच हाकलेल्या माणसाला यान काय अवघड! रविवार आला की तुंब्यात माटेचा कडू चहा भरायचा, गरम पाण्याचा थर्मास मांडीशी धरायचा आणि तुझ्या यानाला यान लावून ग्रह पालथे घालायचे. मग खेळाच्या कंपनीने जाहीर केलं, लवकरच एकाच यानात दोघांना शेजारी बसता येईल. त्याच दिवशी बाबांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून आपल्या खुर्चीला लावली. मी म्हटलं, अहो बाबा, तो यानात बसणार, इथे नाही. तर म्हणाले, गप गं, तेवढं कळतं मला, पण शेजारी जागा तयार असलेली बरी.

ती केबिन नाताळात येणार होती, मग ईस्टरच्या सुट्टीत, मग जुलैच्या हिवाळ्यात. तूही तेव्हाच घरी येणार होतास. मी कंपनीच्या नावाने बोटं मोडायला लागले की बाबा म्हणायचे, काम मोठं असतं, वेळ लागतो. तुझ्याबद्दलही अगदी हेच म्हणायचे.

गेल्या आठवड्यात कंपनीने कळवलं, दोघांची केबिन होणार नाही. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, कारण त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत. तुला सांगायचं नाही असं बजावलंय मला. डॉक्टर म्हणतात, पुढे उजेड-अंधार कळेल, चेहरे नाहीत. कित्येक रविवार त्यांना तुझं यान दिसतच नव्हतं, विल्मार. मी कानात पुटपुटायचे, डावीकडे घ्या, आणि ते तुला म्हणायचे, पोरा, आज झकास चालवतोयस.

या रविवारी मी पहिला तुंबा भरून दिला. त्यांनी तो संपवला, परत दिला आणि ‘ग्रासियास’ म्हणाले. आपल्याकडे माटेच्या बैठकीत असे आभार मानले की माणूस उठला, त्याला पुढे भरायचं नाही. थर्मास रिकामा होण्याआधी बाबा कधी असं म्हणालेले आठवतात तुला? मग भिंत चाचपत ती खुर्ची त्यांनी स्वतःच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मी मागे उभी राहून रडले.

कंपनीचा मला फार राग आला होता. पण त्यांनी निदान एकदाचं स्पष्ट सांगितलं. बाबांना तुझा चेहरा दिसतोय तोवर येणार असशील तर ये. नसशील तर तसं तूच त्यांना सांग. पुढच्या वर्षी नक्की, असं आता म्हणू नकोस. तुझं उत्तर येईपर्यंत मी ती खुर्ची स्वयंपाकघरातून हलवणार नाही.

तुझी वाट बघणारी बहीण,
नेलिदा