आमचा सबवूफर आणि खालच्या आक्का

६ ऑगस्ट, बुधवार

आक्का आज परत वर आल्या. जिना चढून दम लागलेला, तरी आत यायला तयार नाहीत. दारातूनच, "भाऊ, तो डब्बा बंद कर ना रे. मना डोकामा धप धप व्हई ऱ्हायनं."

डब्बा म्हणजे माझा नवा सबवूफर. वीतभर उंचीचे दोन स्पीकर आणि खाली ठेवायचा हा ठोकळा. कित्येक वर्षांची हौस. मुक्ताचं शिक्षण संपलं, मग आत्ता कुठे घेतला. आणि आल्यापासून खालच्या मजल्याची तक्रार. आवाज कमी केला. इतका की गाण्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येत होता.

साधना म्हणाली, "मुक्ताला त्यांनी सांभाळलं. आपण दोघं नोकरीवर आणि पोरगी त्यांच्या मांडीवर. विसरलात?" विसरलो नाही. पण म्हणून काय जन्मभर कुजबुजत गाणी ऐकायची?

७ ऑगस्ट

विजयचा धुळ्याहून फोन. आक्कांचा एकुलता एक. "काका, आई म्हणते तिथे डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्हाला काय बोलू मी? फ्लॅट काढून टाकतो, तिला इकडे घेऊन येतो."

आक्कांना धुळ्याला कायमचं जायचं नाही. त्यालाही माहीत आहे, मलाही. यजमान गेल्यावर एकटीने टिकवलेलं घर आहे ते. म्हणजे माझ्या गाण्यापायी त्यांनी घर सोडायचं. जेवण गेलं नाही. चिडलोय, पण नेमका कोणावर ते कळत नाही.

८ ऑगस्ट

साइटवर ज्यांनी हा सेट घेतलाय त्यांची मतं परत वाचली. एकाला बेस कमी, एकाला जास्त. एकाने रंग आवडला नाही म्हणून एकच तारा दिलाय, शहाणा! आणखी एकाने लिहिलंय, बेस असा की खालचे लोक वर येतात. पुढे हसणाऱ्या बाहुल्या. घेण्याआधी वाचलं तेव्हा मीही हसलो होतो.

ऑफिसातल्या चौधरीकडे हाच सेट. फैजपूरचं मोकळं घर, शेजार केळीच्या बागेचा. त्याचं मत, "आमच्याकडे तर कमीच पडतो." त्याचं काय जातंय! पण एक कामाचं बोलला. सब फरशीला टेकवायचा नाही, धमक खाली उतरते. गादीवर ठेव.

९ ऑगस्ट

माळ्यावरची कापसाची जुनी गादी काढली, घडी घालून सब वर बसवला. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा दिसतो. बेस निम्मा मेला. आपलाच हात, आपलाच गळा. तरी म्हटलं चालेल.

संध्याकाळी आक्का दारात. "आते तं आखो जास्त व्हई ऱ्हायनं."

माझा तोल गेला. "मग काय आक्का, डोक्यावर घेऊन बसू का?" त्या मागे वळल्या. कठड्याला धरून खाली गेल्या. साधना माझ्याशी बोलत नाहीये.

११ ऑगस्ट, सोमवार

सेक्रेटरींचा निरोप. रविवारी बिल्डिंगची मीटिंग, विषय आमचा आवाज. विजयने त्यांना फोन केला होता म्हणे.

मी शनिवारी रागाने सबची वायरच काढली. गुंडाळी करून कपाटात टाकली. तेव्हापासून घरात टीव्हीसुद्धा बारीक. आणि आज आक्का म्हणतात, सुरूच आहे!

खोटं बोलतात. वीस वर्षांच्या शेजाराबद्दल असं लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं काय समजायचं? विजयनेच पढवलं असणार. फ्लॅट विकायला निमित्त हवंय. रविवारी सगळ्यांसमोर वायर टेबलावर ठेवतो, मग बघू.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज लाईटच्या मेंटेनन्सचा वार. सकाळपासून वीज नाही. मला थोडा ताप, म्हणून घरीच. दुपारी पंखा बंद, फ्रिज बंद, मोटर बंद. अख्खी बिल्डिंग चिडीचूप. बेल वाजणार नव्हतीच, दारावर थाप पडली.

आक्का. डोळे लाल. "आते तरी बंद कर, भाऊ. मी हात जोडस." आणि खरंच जोडले.

खरं लिहितो. पहिल्यांदा मनात आलं, सापडल्या! त्यांच्याच बोलीत म्हटलं, "आक्का, लाईट नही शे."

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. उजव्या कानावर हात गेला. तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"मंग हाई काय वाजी ऱ्हायनं?"

मीटिंगआधीच जिंकलो होतो.  त्यांना पाणी दिलं, शेजारी उंबऱ्यावर बसलो. 

१४ ऑगस्ट

साधना आणि मी खाली जाऊन बसलो. आक्कांनी सांगितलं ते असं. विजयकडे श्रावणात कानबाईच्या सणाला गेल्या होत्या, तेव्हा धुळ्यातही हेच. "माले वाटनं, तुना डब्बाना आवाज कानमा बसी गया." कोणाला बोलल्या नाहीत. आता अट एकच, "विज्याले सांगू नको. तो म्हनी माय येडी व्हयनी. मंग मना घर बी जाई."

विजयचा फोन आलाच. "आता कसं आहे, काका?" मी म्हटलं, आवाज कमी केलाय. आक्कांसाठी थाप मारली की माझी भीती लपवली, देव जाणे.

चौधरीला नाव न घेता विचारलं. "वय झालं की डोक्यावर परिणाम होतो." एवढा राग आला की जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासोबत बसलो नाही. राग यासाठी, की रात्रभर मीही तेच घोकत होतो.

साधना म्हणते, आधी कान दाखवू. आक्का नाही म्हणतात. डॉक्टरने वेडं ठरवलं तर?

१५ ऑगस्ट

सकाळी चौकात झेंडावंदन, भोंग्यावर देशभक्तीची गाणी, काचा हलत होत्या. मला वाटलं आक्का कानात बोळे घालून बसल्या असतील. तर त्या गॅलरीत, चक्क हसऱ्या. "आज नही वाजत, भाऊ!"

भोंगा थांबला. त्यांनी एका हाताने कठडा धरला, दुसरा कानावर. "उनं परत."

मी म्हटलं, "आक्का, वेड असतं तर भोंग्याला घाबरून पळालं असतं का? हा आवाजच आहे. दुसऱ्या आवाजाखाली दबतो." हे मला कोणी शिकवलं नाही, बोलता बोलता सुचलं. खरं की खोटं कोण जाणे. पण त्या उद्याच डॉक्टरकडे यायला तयार झाल्या, "सकाय जाऊत."

१६ ऑगस्ट

कान-नाक-घसावाले. तरुण आहे, पण घाई नाही. कानात बॅटरी मारून पाहिलं, कान स्वच्छ. मग काय मनात आलं, स्टेथोस्कोप आक्कांच्या उजव्या कानामागे ठेवला. "आजी, श्वास धरा." बराच वेळ ऐकलं. दुसरा हात नाडीवर.

मग मला म्हणाले, "काका, तुम्हीही ऐका."

ऐकलं. धप. धप. धप. आत, खोल. माझ्या सबपेक्षा स्पष्ट.

आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "ऐकाले उनं का तुले?"

"हो आक्का."

"मंग मी येडी नही शे."

 नऊ तारखेचं माझं 'डोक्यावर घेऊन बसू का' आठवत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीचा आवाज आहे, कशामुळे ते स्कॅनशिवाय सांगता येणार नाही. साधंही असेल, नसेलही. लांबवू नका, मुलाला बोलवा. रिक्षात आक्कांना विचारलं, विजयला सांगू? मान हलली, हो की नाही ते नीट कळलं नाही. मी हो धरलं.

विजयने फोनवर डॉक्टरांचं बोलणं दोनदा सांगायला लावलं. मग, "सोमवारी सकाळी येतो, स्कॅन करून घेऊ." घराचं काय, ते तो बोलला नाही. मी विचारलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

मीटिंग. वायर नेली नाही. आक्कांच्या कानाची गोष्ट अख्ख्या बिल्डिंगला कशाला? म्हटलं, आवाज माझ्याच सबचा होता, चूक झाली, काढून ठेवलाय. समोरचे कुलकर्णी म्हणाले, "कबूल केलंत हे बरं झालं." त्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान! गिळलं.

दुपारी आक्का आपणहून वर. या वेळी आत आल्या, दिवाणावर बसल्या. उद्याच्या स्कॅनबद्दल एक अक्षर नाही. घाबरल्या आहेत. आम्हीही. साधनाने चहा ठेवला.

"भाऊ, तुना डब्बा लाव ना."

मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. कपाटातून वायर काढली, जोडली, जुनी गाणी लावली, नेहमीसारखी बारीक.

"मोठा कर. आखो. आखो कर."

परवाचा भोंगा आठवला. सब पूर्ण उघडला. दिवाण हलायला लागला. आक्कांनी हळूहळू डोळे मिटले, खांदे खाली आले. कित्येक दिवसांनी झोपल्या असाव्यात, बसल्या बसल्याच. साधनाने पाठीला उशी लावली.

बेल वाजली. कुलकर्णी. "अहो, सकाळीच कबूल केलंत ना? कमी करा."

म्हटलं, "केलं होतं. आज कमी करणार नाही."