तिसऱ्या मजल्यावरची फेरी

बाई, रेक्टर म्हणून तुमच्या जागेवर आता मी आहे. तीच खोली, जिन्याखालची, तीच खिडकी, जिच्यातून फाटक दिसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीची नुसती चप्पल पाहून ती कोण हे ओळखता येतं. अंबरनाथ आता तुम्हाला ओळखू येणार नाही. वसतिगृहामागच्या मोकळ्या माळावर उंच इमारती झाल्यात, एमआयडीसीच्या रस्त्यावर रिक्षांची रांग संपत नाही. पण आपली इमारत तशीच आहे. तीन मजले, लांब व्हरांडा, आणि दुपारी सगळ्या मुली कॉलेजला गेल्या की तिच्यात येणारा तो एक प्रकारचा शांतपणा, ज्यात आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटतो. गेल्या महिन्यात इथे एक गोष्ट घडली. ती मी डॉक्टरांना अर्धी सांगितली, कॉलेजला त्याहून कमी. पूर्ण सांगावी अशा तुम्हीच होतात, म्हणून लिहायला बसले.

कॉलेजात शिकत असताना मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ते खोलीसाठी. उल्हासनगर पाच नंबरला आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत वडिलांचं जीन्सला काजं-बटणं करायचं मशीन. शेठचा माल आला की आम्ही भावंडं पुस्तकं घेऊन ओट्याखाली सरकायचो. फ्लोअर इनचार्ज होणाऱ्या मुलीला वसतिगृहात राहायला खोली मिळते एवढंच मी ऐकलं होतं. ते काम काय असतं, हे मी विचारलंच नव्हतं. तुम्ही मला बसायलाही सांगितलं नाहीत. ड्यूटीवर असताना कानात काही घालायचं नाही, म्हणालात. पाय वाजवत चालायचं, म्हणजे आपण येतोय हे मुलींना आधी कळतं. झोपण्याआधी मेसचा गॅस स्वतः हात लावून बघायचा. आजारी मुलीचं ताट तिच्या मैत्रिणीबरोबर पाठवायचं नाही, आपण न्यायचं. आणि आतून कुणी ‘बरी आहे’ असं ओरडलं, तरी दार उघडून चेहरा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

यातलं शेवटचं मला चूक केल्यावर समजलं. एका संध्याकाळी हजेरी घेताना एक मुलगी दिसली नाही. तिची खोलीतली सोबतीण म्हणाली, आंघोळीला गेलीय, आणि मी हजेरी लावून टाकली. तुम्ही माझ्या मागेच उभ्या होतात. रागावला नाहीत. फक्त विचारलंत, “तू पाहिलीस?” मी म्हटलं, आंघोळीला गेलीय ती. तुम्ही पुन्हा तेच विचारलंत, तेवढ्याच हळू आवाजात. मग मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले, ती केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत. ती आत होतीच. पण तुम्ही तिथून हलला नव्हतात, आणि तुमचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आपल्याला न कळणारं काहीतरी आत्ता इथून गेलं.

ते काय होतं, ते दिवाळीच्या सुट्टीत कळलं. सगळ्या मुली गावाला गेल्या होत्या. मी राहिले होते, कारण सणाआधी आमच्या घरात कपड्यांचे ढीग छतापर्यंत जात. दुपार होती, स्वच्छ ऊन. तुम्ही म्हणालात, चल, फेरी घेऊ. मला वाटलं, कोणाची? इमारत रिकामी आहे. तरीही तुमच्या मागून निघाले. पहिला मजला, दुसरा मजला, प्रत्येक दारापाशी तुम्ही थांबता, बोटांनी वाजवता आणि म्हणता, “मी आलेय गं. काही हवंय का?” मग थांबता. खरंच कुणी उत्तर देणार असल्यासारख्या थांबता. दारांना बाहेरून कुलपं आहेत. मला हसू येतंय, ते मी ओढणीत दाबतेय. तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, जुन्या लोखंडी खाटा ठेवलेली ती खोली. तिचं कुलूप गंजलेलं. तुम्ही दार वाजवलंत, विचारलंत, थांबलात.

आणि आतून दार वाजलं. जोरात नाही. पडल्या पडल्या हात लांब करून एखादीने बोटाच्या पेराने वाजवावं, तसं.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तुम्ही मात्र मान थोडी कलती केलीत, ऐकलंत, आणि म्हणालात, “बरं. झोप मग.” आणि पुढे निघालात. पुढे दार नव्हतंच, भिंत होती, तरी तुम्ही भिंतीपर्यंत गेलात आणि परत फिरलात.

तुम्ही मला दंडाला धरून खाली आणलंत, तुमच्या खोलीतल्या त्या इवल्याशा स्वयंपाकघरात बसवलंत आणि स्टोव्ह पेटवलात. मुगाचं कढण, वर तुपात जिऱ्याची फोडणी. तो वास आला की मला अजून ती दुपार आठवते. मी कसंबसं म्हटलं, कबुतर असेल. तुम्ही वाटी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “असेल. कबुतरालाही कळू दे, कुणी आलं होतं ते.”

मग सांगितलंत. तुम्ही नवीन होतात तेव्हाची गोष्ट. अशीच सुट्टी. मुरबाडकडच्या एका शेतकरी घरातली मुलगी, सुट्टी संपायच्या आधीच परत आलेली, अंगात ताप घेऊन. फाटकावर त्या वेळी कोणी नव्हतं. ती वर, त्या टोकाच्या खोलीत गेली, दाराला आतून कडी लावली आणि झोपली. सगळ्या घरी गेल्यात म्हणून वर कोणी चढलंच नाही. सुट्टी संपून मुली आल्या तेव्हा दार फोडावं लागलं. तिचे वडील टेम्पो घेऊन आले होते. ओरडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही. ट्रंक टेम्पोत चढवली आणि मग तुमच्याकडे येऊन एवढंच विचारलं, “तिला कुणी हाक मारली व्हती का वो?” हे सांगताना तुम्ही स्टोव्हकडे बघत होतात. स्टोव्ह विझला होता. मला त्या दुपारी कळलं की तुम्ही इतकी वर्षं रोज त्या माणसाला उत्तर देत होतात.

शिक्षण संपलं तेव्हा तुम्ही मला तुमची एक शाल दिलीत, राखाडी, काठाशी उसवलेली. उसवलंय ते शिवून घे, म्हणालात. मी नोकरीला लागले, कॉलेजात शिकवायला लागले. तुम्ही निवृत्त होऊन बदलापूरला भावाकडे राहायला गेलात. पहिल्या उन्हाळ्यातच तुम्ही वारल्याचा फोन आला. रेक्टरची जागा पुढे माझ्याकडे आली, तेव्हा कुणालाच ती नको होती, मी मात्र मागून घेतली. तेव्हापासून मी फेरी घेते. रिकाम्या खोल्यांचीही. आताच्या मुली मोबाइलवर वाढलेल्या, त्यांना हे विचित्र वाटतं. माझी यंदाची फ्लोअर इनचार्ज, बडबडी, एका वाक्यात दोन भाषा बोलणारी पोरगी, एकदा म्हणाली, “मॅडम, लॉक है ना वो रूम, मग नॉक कशाला?” सवय आहे म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला आतून कधीच कुणी उत्तर दिलं नाही. एकदाही नाही.

गेल्या महिन्यातला तो रविवार. दुपारची जेवणं झाली होती, बऱ्याच मुली शनिवार-रविवारसाठी घरी गेलेल्या, उरलेल्या लोळत पडलेल्या. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. आधी वास आला. सडका लसूण जाळावा तसा काहीतरी. एमआयडीसीच्या बाजूने असले वास आम्हाला नवे नाहीत, खिडकी लावून घेतो आणि कामाला लागतो. पण या वेळी डोळे चुरचुरायला लागले. मी खिडकीशी गेले तर रस्त्यावर पांढरं काहीतरी उतरत होतं. धुक्यासारखं, पण धुकं असं जमिनीला धरून सरपटत येत नाही. रिक्षावाले गाड्या तिथेच टाकून तोंडाला रुमाल लावून पळत होते. समोरच्या झाडावरचे कावळे एकदम उठले आणि गेले. त्यानंतर जी शांतता पसरली, तशी मी कधी अनुभवली नाही. कुत्री नाहीत, हॉर्न नाहीत. फाटक दिसेनासं झालं. मग फाटकाजवळची टाकी.

माझ्या त्या बडबड्या पोरीने कमाल केली, बाई. मी ओरडायच्या आत तिने गॅस बंद केला होता, मुलींना ओढण्या भिजवायला लावल्या होत्या. वारा कुठून येतोय ते बघून आम्ही मागच्या दाराने त्यांना बाहेर काढलं, माळावरच्या इमारतींच्या मधून, वरच्या रस्त्याकडे. एकमेकींचे हात धरून त्या पांढऱ्यात शिरत होत्या आणि दोन पावलांवर नाहीशा होत होत्या. ती धापा टाकत माझ्याकडे आली आणि म्हणाली, सगळ्या निघाल्या मॅडम, आपणही जाऊ.

“सगळ्या पाहिल्यास?”

“पाहिल्या. हात लावून मोजल्या. बाकीच्या घरी आहेत.”

ती खरं बोलत होती. आमच्या हिशेबाने घरी गेलेल्या मुली घरी होत्या, इथे असलेल्या बाहेर पडल्या होत्या. मागे राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा घसा सोलवटल्यासारखा झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिला मुलींच्या मागे पाठवलं आणि तोंडावर ओला पदर धरून जिन्याकडे वळले. हे शहाणपणाचं नव्हतं, मला माहीत आहे. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीच रागावले असते. पण तिसरा मजला राहिला होता, आणि तो राहिला असताना फाटकाबाहेर पाऊल टाकणं मला जमेना.

जिन्यातही ते पांढरं चढलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला वरून पावलं ऐकू आली. हळू, भिंतीला घासत येणारी. मी हाक मारली, कोण आहे. पावलं येतच राहिली. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मला इतकी भीती वाटली की खाली पळावं हेसुद्धा सुचेना. मग त्या पांढऱ्यातून आधी एक हात आला, भिंत चाचपत, आणि मग तोंडाला ओला टॉवेल बांधलेली एक मुलगी. पहिल्या वर्षाची, वांगणीची. जी शुक्रवारीच घरी गेली होती.

तिला मी कसं बाहेर आणलं, ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. तिचं अंग तापाने भाजत होतं. वरच्या रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने आम्हा दोघींना उचलून घेतलं. इस्पितळात तिला ऑक्सिजन लावला, मलाही थोडा वेळ लावला. दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, तिच्या आईने आणलेली पेज पीत. घरी बरं वाटेना म्हणून ती रविवारी सकाळीच परत आली होती. मुली मेसमध्ये होत्या, वॉचमन भाजीच्या गाडीपाशी. ती सरळ वर जाऊन पांघरूण घेऊन झोपली होती. तो वायू कुठल्या कारखान्यातून आला, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. चौकशीची माणसं येऊन गेली, विचारून गेली. सगळ्या मुली सुखरूप परत आल्या, एवढं मात्र खरं.

तिची आई औषधं आणायला खाली गेली, तेव्हा मी तिला विचारलं, तुला जाग कशी आली. ती म्हणाली, उठवलं ना ताईने. भिंतीवर मारत होती केव्हापासून. मग दाराशी आली. टॉवेल ओला कर म्हणाली.

मी विचारलं, कोण ताई?

“बाजूच्या खोलीतली. मी आधी कधी पाहिलं नव्हतं तिला. म्हणाली, ऊठ, लवकर खाली जा, मॅडम येतीलच वर. त्या येतात नेहमी, उगाच त्यांना एवढे जिने चढायला लावू नकोस.”

बाजूची खोली म्हणजे खाटांची. पेज गार होतेय म्हटलं.

परत आल्यावर वॉचमनला घेऊन मी ते कुलूप तोडलं. आत काही नव्हतं, बाई. खाटा एकावर एक, आणि सगळ्यावर सारखी धूळ. मी वॉचमनला खाली पाठवलं आणि तिथेच उभी राहून नेहमीचं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मग मी खाटा काढायला लावल्या, खोली धुतली, चुना मारून घेतला. पुढच्या वर्षी तिथे मुली राहतील. कॉलेजला वाटलं, जागा कमी पडते म्हणून.

हे लिहून झालं की मी कागद फाडणार आहे, घरात ठेवण्यासारखं हे नाही. फक्त एक राहिलं. त्या मुलीला ‘कोण ताई’ असं विचारल्यावर मी तेवढ्यावर थांबले नव्हते. चष्मा होता का, केस पांढरे होते का, आवाज हळू होता का, असं मी विचारतच सुटले. ती गोंधळून म्हणाली, नाही मॅडम, मुलगीच होती, माझ्याएवढी. तिचा जीव वाचला होता, ती माझ्यासमोर बसून पेज पीत होती, आणि माझे डोळे भरून आले ते त्यासाठी नाही. तुम्ही नव्हतात म्हणून.